बर्लिनहून पाच विनोदी भाषणं केली आणि पी. जी. वुडहाऊसला इंग्लंड कायमचं परकं झालं

साल होतं १९४१. त्याआधीचे आठ-नऊ महिने जर्मनीची विमानं इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती. चाळीस हजारांहून जास्त सामान्य माणसं मेली होती. लंडनमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या पडल्या होत्या. आणि अशातच बातमी आली की इंग्लंडचा लाडका विनोदी लेखक बर्लिनमधल्या एका आलिशान हॉटेलात उतरलाय आणि जर्मन रेडिओवरून बोलतोय.

लोकांचं डोकं फिरलं.

हा लेखक म्हणजे पी. जी. वुडहाऊस. बर्टी वूस्टर नावाचा श्रीमंत पण बावळट तरुण आणि त्याला प्रत्येक लफड्यातून अलगद बाहेर काढणारा त्याचा हुशार नोकर जीव्हज, ही जोडी त्यानंच जन्माला घातली. आयुष्यात नव्वदहून जास्त पुस्तकं लिहिली. भारतातही त्याचे वेडे चाहते पिढ्यान् पिढ्या सापडतात. शशी थरूर हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव.

पण त्याच्या पुस्तकांइतकीच त्याच्या आयुष्याची गोष्ट भारी आहे. हा माणूस आयुष्याचा मोठा काळ इंग्लंडबाहेर राहिला. जिथं गेला तिथल्या घडामोडींकडं तिरक्या नजरेनं बघून हसत राहिला. तीन ठिकाणी त्याचं हे हसणं चाललं. चौथ्या ठिकाणी मात्र त्याची किंमत त्यानं मरेपर्यंत मोजली.

तर सुरुवातीपासून सांगायचं झालं तर,

वुडहाऊसचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ चा, इंग्लंडमधल्या गिलफर्ड गावातला. वडील हाँगकाँगला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत मॅजिस्ट्रेट. साहेबाच्या नोकरदारांमध्ये तेव्हा पद्धतच होती, आईबापानं वसाहतीत राहायचं आणि पोरांनी इंग्लंडमध्ये वाढायचं. त्यामुळं वुडहाऊस दोन वर्षांचा असल्यापासून आईबापापासून लांब राहिला. कधी दाईकडं, कधी बोर्डिंगला, सुट्टीत या मावशीकडं नाहीतर त्या आत्याकडं. पुढं त्याच्या कथांमध्ये ज्या खाष्ट मावश्या-आत्या येतात, त्यांचं मूळ इथं आहे.

शाळा मिळाली ती लंडनची डलिच कॉलेज. तिथं तो रमला. आता पुढं ऑक्सफर्डला जायचं हे जवळपास ठरलेलं होतं. पण आडवा आला आपला रुपया.

झालं असं की त्याच्या वडिलांची पेन्शन रुपयांत मिळायची. पौंडाच्या हिशोबात रुपयाचा भाव सारखा वरखाली व्हायचा. आज पेन्शन किती पडेल याचा घरात भरवसाच नसायचा. शेवटी वडिलांनी हात वर केले. ऑक्सफर्ड राहिलं आणि पोरगा १९०० साली हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन शाखेत कारकून म्हणून चिकटला.

या बँकेत नियम असा होता की दोनेक वर्षं लंडनला काम शिकायचं आणि मग पूर्वेकडच्या एखाद्या शाखेत जायचं. वुडहाऊसला ना हिशोब कळत होते ना पूर्वेला जायचं होतं. दिवसा बँक आणि रात्री लिखाण असं त्यानं दोन वर्षं काढलं. १९०२ साली नोकरीला रामराम ठोकला आणि पूर्णवेळ लेखक झाला.

त्याची पहिली पक्की कमाई कशातून सुरू झाली? तर चालू घडामोडींवर विनोद करण्यातून. लंडनच्या ‘ग्लोब’ या सायंदैनिकात रोजच्या बातम्यांवर चिमटे काढणारं एक सदर यायचं. सकाळी पेपर चाळायचे, त्यातला एखादा मंत्री, एखादा खटला, एखादी विचित्र बातमी उचलायची आणि दुपारच्या आत त्यावर चार ओळी खुसखुशीत लिहून द्यायच्या. आज सोशल मीडियावर लोक जे फुकटात करतात ते वुडहाऊस तेव्हा पगार घेऊन करत होता. १९०४ साली तर हे सदर चालवायची जबाबदारीच त्याच्याकडं आली.

या कामानं त्याला एक सवय लागली. बातमी कितीही गंभीर असो, तिच्यातलं हास्यास्पद तेवढं उचलायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. ही सवय पुढं त्याला तारणारही होती आणि बुडवणारही.

त्याच वर्षी तो पहिल्यांदा अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या प्रेमात पडला. पुढची कितीतरी वर्षं त्याचा एक पाय लंडनला आणि एक न्यूयॉर्कला असायचा. १९१४ साली न्यूयॉर्कमध्येच एथेल नावाच्या विधवा बाईशी लग्न केलं. तिच्या लिओनोरा या मुलीवर त्यानं सख्ख्या बापासारखी माया केली. ब्रॉडवेवर गाय बोल्टन आणि संगीतकार जेरोम कर्न यांच्यासोबत संगीतिका केल्या. अमेरिकन लोकांना इंग्लंडच्या सरदार-जमीनदारांच्या गमतीजमती हव्या होत्या आणि हा गडी त्या रतीब घातल्यासारखा पुरवत होता.

१९३० साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं त्याला बोलावलं. आठवड्याला दोन हजार डॉलर पगार. मंदीच्या काळात हा आकडा म्हणजे डोळे पांढरे करणारा. वर्षभर तो तिथं राहिला आणि निघायच्या वेळी, जून १९३१ मध्ये, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला मुलाखत दिली. त्यात त्यानं अगदी निरागसपणे सांगून टाकलं की स्टुडिओनं आपल्याला वर्षाला एक लाख चार हजार डॉलर दिले आणि त्या बदल्यात आपण जवळजवळ काहीच काम केलं नाही. वर याचं आपल्याला वाईट वाटतं हेही सांगितलं.

झालं. बातमी देशभर गाजली. एवढा पैसा जातो कुठं म्हणून स्टुडिओंच्या उधळपट्टीवर चर्चा सुरू झाली. वुडहाऊसला मात्र कळेचना की आपण असं काय वेगळं बोललो. विचारलं म्हणून खरं ते सांगितलं, एवढाच त्याचा हिशोब.

इथं खरं तर त्याला धडा मिळाला होता. खरं बोलणं आणि गमतीत बोलणं या दोन्ही गोष्टी, समोर कोण आहे आणि वेळ काय आहे हे बघून करायच्या असतात. पण हॉलिवूडमध्ये नुकसान झालं ते स्टुडिओच्या अब्रूचं. वुडहाऊसची पुस्तकं खपतच राहिली. त्यामुळं धडा काही डोक्यात गेला नाही.

पुढं एक वेगळंच झेंगट मागं लागलं. कमाई दोन देशांत, त्यामुळं ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्हीकडचे इन्कमटॅक्सवाले त्याच्याकडं पैसे मागायला लागले. या कटकटीला वैतागून १९३४ साली नवरा-बायको फ्रान्सला गेले. समुद्रकिनाऱ्यावरच्या ल तुके गावात त्यांनी घर घेतलं. इंग्लंड बोटीनं जवळ, गोल्फचं मैदान शेजारी, फिरायला पेकिनीज जातीची कुत्री. लेखकाला अजून काय पाहिजे?

१९३९ च्या जूनमध्ये तर ज्या ऑक्सफर्डला रुपयापायी जाता आलं नाही, त्याच ऑक्सफर्डनं त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फ्रान्सला परतला. वुडहाऊसची इंग्लंडला ती शेवटची भेट ठरणार आहे हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मे १९४०. जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. वुडहाऊस दांपत्यानं निघायला उशीर केला. त्यामागं कुत्र्यांचंही कारण सांगितलं जातं, कारण ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांना सहा महिने वेगळं ठेवायचा कडक नियम होता. शेवटी गाडी काढली तर ती वाटेतच बंद पडली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर रस्ते पळणाऱ्या लोकांनी तुंबलेले. दोघं घरी परत आले आणि जर्मन दारात येऊन उभे राहिले.

जुलैमध्ये हुकूम निघाला. साठ वर्षांच्या आतल्या सगळ्या ब्रिटिश पुरुषांना स्थानबद्ध करायचं. वुडहाऊस तेव्हा ५८ वर्षांचा होता. आधी फ्रान्समधला तुरुंग, मग बेल्जियममधली बराक, मग तिथलाच एक जुना किल्ला आणि शेवटी सायलेशियातल्या टोस्ट गावची छावणी. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. छावणी होती एका जुन्या वेड्यांच्या इस्पितळात.

जेवणाचे हाल होते. वुडहाऊसचं वजन बरंच उतरलं. पण गड्यानं तिथंही लिहिणं सोडलं नाही. छावणीत बसून त्यानं एक अख्खी विनोदी कादंबरी पूर्ण केली. सोबतच्या कैद्यांना छावणीतल्या दिवसांवर विनोदी भाषणंही करून दाखवायचा. उपाशी, घरापासून तुटलेली माणसं पोट धरून हसायची. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढं रेडिओवर तो जे बोलला ते बरंचसं यातूनच आलं.

डिसेंबर १९४० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचा पत्रकार त्याला छावणीत भेटला. बातमी छापून आली आणि अमेरिकेतल्या वाचकांची काळजीची पत्रं यायला लागली. वुडहाऊसला या पत्रांना उत्तर देता येत नव्हतं. याचं त्याला फार लागलं होतं.

जर्मनांनी हेच हेरलं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती आणि ती उतरू नये अशी जर्मनीची इच्छा होती. अमेरिकेतला लाडका लेखक आमच्या ताब्यात मजेत आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकवलं तर काम सोपं होणार होतं.

२१ जून १९४१ ला त्याला छावणीतून सोडलं आणि बर्लिनला आणलं. साठी पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. बर्लिनमध्ये हॉलिवूडच्या दिवसांत ओळख झालेला वर्नर प्लाक भेटला, जो आता जर्मन परराष्ट्र खात्यात होता. वाचकांचे आभार मानायला रेडिओवरून बोलता येईल, ही कल्पना वुडहाऊसला पटली. सुटकेच्या बदल्यात हा सौदा झाला नव्हता, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

जून अखेर ते ऑगस्ट या काळात पाच भाषणं अमेरिकेसाठी प्रसारित झाली. विषय एकच, कसलाही अनुभव नसताना स्थानबद्ध कसं व्हावं. घरातून सामान भरायला मिळालेली काही मिनिटं, तुरुंगातली कोठडी, रेल्वेच्या डब्यातला प्रवास, छावणीतलं जेवण. सगळं स्वतःवर हसत सांगितलेलं. जर्मनीची बाजू नाही, हिटलरची स्तुती नाही, इंग्लंडला शिव्या नाहीत. ग्लोबच्या सदरात जसा चिमटा काढायचा, अगदी तसाच सूर.

पण चूक सुरात नव्हती, माइकमध्ये होती. माइक हिटलरच्या सरकारचा होता.

त्यातच सीबीएस या अमेरिकन रेडिओवर त्याची एक मुलाखत झाली. आपण ज्या इंग्लंडबद्दल लिहितो ते इंग्लंड युद्धानंतर उरेल का, मग युद्ध कुणीही जिंको, अशा अर्थाचं तो बोलून गेला. त्याला म्हणायचं होतं की जमीनदारांच्या हवेल्या आणि नोकरचाकरांचं जग संपत आलंय. पण बॉम्ब झेलणाऱ्या लोकांनी ऐकलं ते इतकंच की याला इंग्लंड जिंको की हरो, काही फरक पडत नाही.

ब्रिटनमध्ये वणवा पेटला. संसदेत त्याची तुलना जर्मन रेडिओवरून ब्रिटनविरुद्ध गरळ ओकणाऱ्या निवेदकाशी केली गेली. माहितीमंत्री डफ कूपर यांनी बीबीसीच्या संचालकांचा विरोध असतानाही ‘डेली मिरर’चा स्तंभलेखक विल्यम कॉनर याला माइकसमोर बसवलं. १५ जुलैला कॉनरनं वुडहाऊसला देशद्रोही ठरवून धुऊन काढलं. काही वाचनालयांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. बीबीसीनं त्याच्या लिखाणावर बंदी घातली. ‘विनी द पू’ लिहिणारा ए. ए. मिल्न हा त्याच्या जुन्या ओळखीतला, त्यानंही पेपरात पत्र लिहून टोले हाणले.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती माहितीये? शिव्या देणाऱ्या बहुतेकांनी ती भाषणं ऐकलीच नव्हती. ती अमेरिकेसाठी होती. ब्रिटनसाठी त्यांचं प्रसारण झालं ते नंतर, ऑगस्टमध्ये. तोवर निकाल लागून गेला होता.

त्याच्या बाजूचा एक मुद्दा तर कुणाला आठवलाच नाही. १९३८ साली, म्हणजे युद्धाच्या आधीच, त्यानं आपल्या कादंबरीत रॉडरिक स्पोड नावाचा एक हुकूमशहा व्हायला निघालेला गडी रंगवला होता. ब्रिटनमधला फॅसिस्ट पुढारी ओस्वाल्ड मोस्ली आणि त्याच्या काळ्या शर्टवाल्यांची ती उघड टिंगल होती. स्पोड संघटना काढेपर्यंत शर्टच शिल्लक उरलेले नसतात म्हणून त्याची माणसं काळ्या चड्ड्या घालतात. असं लिहिणारा माणूस नाझींना सामील कसा असेल, हा प्रश्न साधा होता. पण रागाच्या भरात साधे प्रश्न कुणी विचारत नाही.

अर्थात वुडहाऊस धुतल्या तांदळासारखा होता असंही नाही. ज्या काळात त्याच्या देशातली माणसं ढिगाऱ्याखालून प्रेतं काढत होती, तेव्हा शत्रूच्या खर्चानं जगाला हसवायला बसणं हा मूर्खपणा होता. आपण कुणाच्या हातचं बाहुलं बनतोय याचा विचार त्यानं केला नाही. हे त्यानंही नंतर कबूल केलं.

१९४३ साली तो पॅरिसला आला. मे १९४४ मध्ये लंडनला एका साध्या ऑपरेशनच्या वेळी लिओनोरा गेली. ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायलाही वेळ लागला. रेडिओच्या बदनामीनं जे झालं नव्हतं ते या घावानं झालं.

ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झालं तेव्हा वुडहाऊस पळाला नाही. आपण इथं आहोत असं त्यानं स्वतःहून ब्रिटिशांना कळवलं. एमआय फाइव्ह या गुप्तचर खात्याचे मेजर कसन यांनी त्याची कसून चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की माणूस मूर्खासारखा वागला, पण खटला भरावा असं यात काही नाही. सरकारी वकिलांच्या प्रमुखांनाही ते पटलं.

मग हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

उलट नोव्हेंबरमध्ये फ्रेंच पोलिसांनी त्याला उचललं. पुढं त्याला ठेवलं कुठं, तर बाळंतिणींच्या दवाखान्यात. त्याच्याच एखाद्या कादंबरीत शोभावं असं हे दृश्य. जानेवारी १९४५ मध्ये तिथून सुटका झाली.

त्याच वर्षी एक माणूस त्याच्या बाजूनं उभा राहिला, जॉर्ज ऑर्वेल. बिहारच्या मोतिहारीत जन्मलेला आणि फॅसिझमविरुद्ध स्पेनमध्ये प्रत्यक्ष लढून गळ्यात गोळी खाल्लेला लेखक. त्याचं म्हणणं सरळ होतं. वुडहाऊसचं मन पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या जगातच अडकलंय, त्याला राजकारण कळत नाही. त्याच्यावर मूर्खपणाचा आरोप टिकेल, देशद्रोहाचा नाही. आणि त्याला बळीचा बकरा बनवण्यात आपले दोष झाकणाऱ्यांची सोय होती.

पण ब्रिटिश सरकार गप्पच राहिलं. इंग्लंडला परत आलास तर खटला होणार नाही, अशी हमी त्याला कुणी दिली नाही. शेवटी १९४७ साली तो अमेरिकेला गेला. १९५५ साली अमेरिकन नागरिक झाला आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या रेम्सेनबर्ग गावात स्थिरावला.

एवढं होऊनही माणूस कडवट झाला का? तर नाही. आयरिश नाटककार शॉन ओकेसीनं त्याला खेळ करून दाखवणाऱ्या पिसवेची उपमा देऊन हिणवलं होतं. वुडहाऊसनं १९५३ साली आपल्या पत्रांचं पुस्तक काढलं आणि त्याला तेच नाव दिलं. मिल्नला त्यानं एका कथेत गोड चिमटा काढला. आणि ज्या कॉनरनं रेडिओवरून त्याची लाज काढली होती, त्याच्याशी पुढं चक्क मैत्री केली.

पॅरिसमध्ये चौकशीच्या काळात त्याला सांभाळून घेणारा गुप्तचर अधिकारी माल्कम मगरिज पुढं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा संपादक झाला. त्याच्या काळात वुडहाऊस पंचसाठी अमेरिकेतून सदर लिहू लागला. अमेरिकन पेपरांतल्या विचित्र बातम्या उचलायच्या आणि इंग्लंडच्या वाचकांना तिरकस शैलीत सांगायच्या. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ग्लोबमध्ये जे काम करत होता, तेच आता समुद्राच्या पलीकडून. त्याचा आवाज दर सदरातून इंग्लंडला जात होता, तो स्वतः जाऊ शकत नव्हता.

१९५४ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकानं बर्लिनच्या भाषणांचा मजकूर छापला. ज्यांनी वाचला त्यांना प्रश्न पडला की एवढा गदारोळ नेमका कशासाठी झाला होता? १९६१ साली, कॉनरच्या भाषणाला वीस वर्षं झाली तेव्हा, कादंबरीकार एव्हलिन वॉनं बीबीसीवरूनच त्याची बाजू मांडली.

सरकारला मात्र घाई नव्हती. १९६७ साली त्याला ‘सर’ किताब द्यायचा विचार झाला. तेव्हा अमेरिकेतल्या ब्रिटिश राजदूतानं खोडा घातला. युद्धातलं प्रकरण पुन्हा उकरलं जाईल हे एक कारण. आणि दुसरं कारण असं की ब्रिटिश माणूस म्हणजे बर्टी वूस्टरसारखा, हा समज आम्ही इकडं पुसायला बघतोय आणि तुम्ही त्यालाच बक्षीस देताय. ही कागदपत्रं २००२ साली बाहेर आली. काल्पनिक पात्राच्या बावळटपणामुळं लेखकाचा किताब अडला, हा विनोद वुडहाऊसलाही सुचला नसता.

शेवटी १९७५ च्या नव्या वर्षाच्या यादीत त्याचं नाव आलं. चार्ली चॅप्लिनचंही त्याच यादीत होतं. वुडहाऊस ९३ वर्षांचा झाला होता आणि प्रवासाची ताकद राहिली नव्हती. जेमतेम दीड महिन्यानं, १४ फेब्रुवारी १९७५ ला, लाँग आयलंडवरच्या दवाखान्यात तो गेला. तेव्हाही एका कादंबरीचं काम चालूच होतं. ती अपुरी राहिलेली कादंबरी दोन वर्षांनी छापली गेली.

मेजर कसन यांचा अहवाल लोकांसाठी खुला झाला तो १९८० साली. आपल्यावर खटला भरण्यासारखं काही नाही, हे ज्या कागदावर १९४४ मध्येच लिहून ठेवलं होतं, तो कागद बघायला ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूसच उरला नव्हता. २०१९ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या नावाची स्मृतिशिला बसली.

वुडहाऊसनं आयुष्यभर एकच गोष्ट केली, जगाकडं बघून हसला. लंडनच्या पेपरात हसला तर पगार मिळाला, हॉलिवूडमध्ये हसला तर चर्चा झाली, म्हातारपणी पंचमध्ये हसला तर वाचकांनी डोक्यावर घेतलं. बर्लिनमध्येही तो तसाच हसला होता. पण तिथं माइक कुणाचा आहे हे त्यानं पाहिलं नाही आणि तो नेमकं काय बोललाय हे लोकांनी ऐकलं नाही. पहिल्या चुकीची कबुली त्यानं दिली. दुसरी चूक दुरुस्त व्हायला मात्र एक अख्खं आयुष्य कमी पडलं.